फळांच्या टबातले बाळाचे फोटो: काय चुकलं आणि पुन्हा कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ७ महिन्यांची, आधाराशिवाय बसायला लागून तीन आठवडे झालेत. आईने बाथरूममध्ये टब ठेवला, कोमट पाण्यात दूध घातलं, वर संत्र्याच्या आणि लिंबाच्या चकत्या टाकल्या, मूठभर द्राक्षंही. दोन मिनिटांत मुलगी रडायला लागली, म्हणून तिला लगेच बाहेर काढलं. तोवर दुधात कण दिसायला लागले होते. जे पंधरा-वीस फोटो निघाले त्यांत मुलगी पिवळी दिसते आणि पाण्यावर पांढरे चट्टे आलेत. हाताशी एक फोन आहे, एक जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स. पुन्हा करून बघायचं आहे.

ती रडली आणि तुम्ही तिला काढलंत, हे फार चांगलं केलंत. मी १४ वर्षं घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचे फोटो काढते आहे. ‘अजून एकच’ म्हणत रडणाऱ्या बाळाला पाण्यात बसवून ठेवणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत, आणि पुढच्या वेळी टब दिसताच अंग चोरणारी बाळंही पाहिली आहेत. तुमच्या मुलीच्या मनात अशी काही अढी बसलेली नसणार. म्हणून पुन्हा करून बघायला काहीच हरकत नाही.

आता ती का रडली ते बघू. फळं फ्रिजमधून काढून थेट पाण्यात टाकली होती का? मी हे विचारते तेव्हा बहुतेक वेळा ‘हो’ असंच उत्तर येतं. साधा हिशेब करा. टबात १० लिटर पाणी आहे, ३८ अंश सेल्सियस. त्यात फ्रिजमधली, ४ अंशांची, २ किलो फळं पडली, तर फळांचा गारवा पाण्यात उतरून सगळं मिळून ३३ अंशांच्या आसपास येतं. तुम्ही कोपर बुडवून पाणी बघितलं ते फळं टाकण्याआधी, आणि मुलगी बसली ती नंतरच्या पाण्यात. मोठ्या माणसाला ३३ अंश नुसते ‘जरा गार’ वाटतील. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे त्याच्या अंगातली उष्णता आपल्यापेक्षा कितीतरी भरभर निघून जाते. वरचं अर्धं अंग ओलं, उघडं आणि पाण्याबाहेर असतं, तिथून तर अधिकच. म्हणून फळं तीन-चार तास आधी बाहेर काढून ठेवा, आणि पाणी मोजायचं ते फळं टबात घालून, हलवून, मग. ३७ ते ३८ अंश हवं. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर कोपर किंवा मनगटाची आतली बाजू. खोलीतला पंखा, एसी बंद आणि दार लोटलेलं. एक मोठा टॉवेल उलगडून हाताशी ठेवा, घडी घातलेला नको. ओलं बाळ एका हातावर असताना दुसऱ्या हाताने घडी सोडवणं किती अवघड जातं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

रडण्याचं दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, कारण फोटो फसतात ते बहुतेक तिथेच. आपण टब आधी सजवतो. रंगीत, वासाच्या, हलणाऱ्या वीस-पंचवीस वस्तू पाण्यावर पसरून ठेवतो आणि मग बाळाला त्यांच्या मधोमध बसवतो. आपल्याला ते सुंदर दिसतं, आणि तिला मात्र रोजची आंघोळ अचानक ओळखू येत नाही. पाणी पांढरं, स्वतःचे पाय गायब, अंगाला काहीतरी गुळगुळीत येऊन लागतंय, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी काळा डोळा.

मी उलट क्रमाने जाते. आधी स्वच्छ पाणी आणि त्यात बाळ. पहिलं मिनिट कॅमेरा खालीच. रोजच्या आंघोळीचा मग तिच्या हातात, रोजचंच बोलणं, रोजचंच गाणं. तिचे खांदे सैल झाले, हात पाण्यावर आपटायला लागले की मग एक फळ. एकच. ते तिच्या हातात द्यायचं नाही. वीतभर लांब पाण्यावर सोडायचं आणि बघत राहायचं.

एका ८ महिन्यांच्या मुलाच्या वेळी मी हे पहिल्यांदा शिकले. घरच्यांनी फळांची मोठी परडी तयार ठेवली होती. मी त्यातलं एक अख्खं संत्रं टबात सोडलं. त्याने ते आधी नुसतं पाहिलं. मग एक बोट लावलं, आणि संत्रं फिरून लांब गेलं. तो चमकला. पुन्हा हात पुढे, पुन्हा संत्रं निसटलं. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही तळवे दोन बाजूंनी आणून ते पकडलं, वर उचललं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं बोट शटरवर आपोआप दाबलं गेलं. सगळं मिळून ४० सेकंद. त्या घराच्या भिंतीवर आज तोच फोटो आहे. परडीतली बाकीची फळं नंतर टाकली, तेही फोटो काढले, ते नीटनेटके आले आणि अल्बममध्येच राहिले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की फळ बाळाला भेटलं पाहिजे, आणि आपण ती भेट टिपायची. तुमच्या मुलीसाठी पाच ते सात फळं पुरेत, तीही एकामागून एक.

यापुढचं मी कुणालाही सैल सोडू देत नाही. माणसं दोन हवीत: एक कॅमेऱ्याचं, एक बाळाचं. बाळाचं जे माणूस असेल त्याने फोटो बघायचा नाही, फोन हातात घ्यायचा नाही, ‘इकडे बघ’ म्हणून मान वळवायची नाही. त्याचा एक हात सतत बाळाच्या पाठीपासून चार बोटांवर. बसलेलं ७ महिन्यांचं बाळ वळून काही घ्यायला गेलं की क्षणात कलंडतं, आणि पाच-सहा सेंटीमीटर पाण्यातही बाळ बुडू शकतं. आवाज न करता बुडतं. म्हणून पाणी तिच्या कमरेच्या खालीच हवं, फोटोला तेवढं भरपूर होतं. टबात बसवायची प्लॅस्टिकची रिंग मिळते, ती बसायला मदत करते पण बुडण्यापासून वाचवत नाही, ती उलटते. टबाच्या तळाला रबरी चटई किंवा पांढरा टॉवेल पसरा, नाहीतर ती हळूहळू पुढे घसरत राहील आणि तिचा सगळा जीव तोल सांभाळण्यात जाईल. अशा बाळाच्या चेहऱ्यावर हसू येत नाही. दाराची बेल वाजली तर आधी बाळ बाहेर, मग दार. प्लगला जोडलेली कुठलीही वस्तू टबाजवळ नको: दिवा नको, चार्जरला लावलेला फोन नको. दोन माणसं नसतील तर त्या दिवशी फोटो नाहीत, नुसती आंघोळ. मी एकटीने हे कधीच करत नाही, आणि माझं कामच हे आहे.

आता फळांकडे. द्राक्षं पूर्ण बाद. अख्खं द्राक्ष आकाराने, गुळगुळीतपणाने आणि लवचिकपणाने बाळाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. चेरी, ब्लूबेरी, डाळिंबाचे दाणे, सगळं त्याच कारणाने बाद. खेळण्यांचे लहान भाग तपासायला एक नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. त्यात जे मावतं ते ३ वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही असा नियम असतो. घरी ढोबळ मापासाठी अंगठा आणि तर्जनीचं कडं करा, आणि त्या कड्याच्या दुपटीपेक्षा लहान काहीच टबात टाकू नका. मी माप इतकं मोठं ठेवते, कारण पाण्यातलं फळ निसरडं असतं आणि बाळाच्या तोंडातून ते काढायला बोटांना पकड मिळत नाही.

चकत्या फोटोत सुंदर दिसतात, मलाही आवडतात. पण संत्र्याच्या चकतीतून पाकळीचा तुकडा, साल, बी सहज सुटते, आणि ती चकती ७ महिन्यांच्या मुलीच्या हातात असली की पुढच्या क्षणी तोंडात असते. म्हणून हल्ली मी चकत्या टबात जवळजवळ टाकतच नाही. अख्खी, सोलायची राहिलेली फळं टाकते. चकत्या हव्याच असतील तर टबाच्या कडेबाहेर, कॅमेऱ्याच्या पुढे एका काचेवर मांडते; त्या पुढच्या बाजूला धूसर रंगांसारख्या येतात आणि टबात तरंगत असल्याचा भास होतो. बाळाचा हात तिथवर पोचत नाही.

काय तरंगतं हे आधी बादलीत करून बघा. संत्रं सालीसकट तरंगतं, कारण सालीच्या आतल्या पांढऱ्या स्पंजासारख्या थरात हवा असते. तेच संत्रं सोललं की बुडतं. सफरचंदाचा जवळपास पाव भाग हवाच असते, ते बोटीसारखं वर राहतं. कलिंगड केवढंही मोठं असलं तरी तरंगतं. आंबा तळाशी जातो. तुमच्यासाठी अख्खी संत्री आणि मोसंबी सगळ्यांत चांगली, दोन तळव्यांत मावणारी. सफरचंद फक्त तिला दात आला नसेल तरच. एक जरी दात असला तरी ती कडक टवका काढू शकते, आणि कच्च्या सफरचंदाचा टवका घशात अडकतो.

लिंबाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. रस डोळ्यांत गेला की झोंबतो, हे उघड आहे. सालीतलं तेलही नाजूक कातडीला चुरचुरतं. पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. लिंबाच्या, विशेषतः हिरव्या लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर राहिली आणि त्यावर ऊन पडलं की एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे चट्टे, कधी फोड उठतात. हे काम उन्हातले यूव्हीए किरण करतात, आणि साधी खिडकीची काच त्यांना पुरतं अडवत नाही. आपण तर बाळाला नेमकं खिडकीशीच बसवणार. म्हणून लिंबू नको. रंग पिवळाच हवा असेल तर अख्खी केळी सालीसकट सोडा. ती तरंगतात आणि फोटोत लांबट पिवळी रेघ फार छान येते.

अननस, किवी, स्ट्रॉबेरी यांनी अनेक बाळांच्या तोंडाभोवती लाली येते. आंब्याच्या देठाजवळच्या चिकाने पुरळ येतं. माझा नियम साधा आहे: जे फळ तिने याआधी तीन-चारदा खाल्लंय आणि काही झालं नाही, तेच टबात. नव्या फळाची पहिली ओळख ओल्या, उघड्या अंगावर नको. तिला एक्झिमा असेल, कुठे कातडी फुटलेली असेल, लंगोटाच्या जागी पुरळ असेल तर हा सगळा बेतच पुढे ढकला. फुटलेल्या कातडीतून अन्नाचे अंश आत गेले तर त्या अन्नाची ॲलर्जी जडण्याचा धोका वाढतो.

फळं वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, साबण लावू नका. देठ काढा, टोचतात. आणि फळांवरचे छोटे गोल स्टिकर शोधून शोधून काढा. ते पाण्यात सुटतात, तिच्या बोटाला चिकटतात आणि तिथून तोंडात जातात.

दुधाचं काय झालं ते सांगते. दुधातलं केसिन हे प्रथिन आम्लता वाढली की एकत्र गोळा होतं. पाणी कोमट असलं की ते लवकर होतं. लिंबू आणि संत्र्याच्या कापलेल्या चकत्यांचा रस सुटला, त्यांच्याभोवतीचं दूध फाटलं. दुधाचं पाणी आणि कापलेली आंबट फळं यांचं जमतच नाही, चूक तुमच्या दुधाची नव्हती.

दूध लोक का घालतात? पाणी पांढरं होतं, रंग उठून दिसतात, बाळाचं कमरेखालचं अंग झाकलं जातं. तिन्ही कारणं खरी आहेत. तरीही मी आता दूध घालत नाही. दुधाच्या पाण्यात तळ दिसत नाही. एखादा तुकडा बुडाला, तिने मुठीत काही धरलं, तर बाळाजवळच्या माणसाला ते कळत नाही. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांना तर ते चालतच नाही. पांढरा टब आणि तळाला पांढरा टॉवेल असला की स्वच्छ पाणीही फोटोत फिकट, दुधाळ दिसतं, वर पाण्याच्या लहरींची जाळी टॉवेलवर उमटते ती वेगळीच. अंग झाकायला पोहण्याचा डायपर घाला, एकरंगी, फिका. रोजचा डायपर पाण्यात फुगतो आणि जड होतो. तुम्हाला दूधच हवं असेल, आणि तिला दूध चालतं हे नक्की माहीत असेल, तर १० लिटरला अर्धा लिटर पुरे, फळं फक्त अख्खी, आणि वेळ पाच मिनिटं. मध मात्र एक थेंबही नको. १ वर्षाखालच्या बाळाच्या पोटात मध गेल्याने बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि टबातलं पाणी ती पिणारच आहे. त्याच कारणाने फेसही नको.

पिवळेपणाचं मूळ बाथरूममध्ये आहे. तिथला पिवळसर दिवा, छोट्या झरोक्यातून येणारा निळसर उजेड, टाइल्सचा रंग, हे सगळं तिच्या कातडीवर एकत्र पडतं आणि कॅमेऱ्याला कळत नाही की यातलं पांढरं कोणतं. टब बाथरूममधून बाहेर काढा. घरात जी मोठी खिडकी आहे, जिच्यातून थेट ऊन न येता नुसता उजेड येतो, तिच्यापासून एक-दीड मीटरवर ठेवा. खाली जुनी चादर आणि वर न घसरणारं पायपुसणं, कारण ओल्या फरशीवर तुम्हीच घसरण्याची भीती जास्त. खोलीतले सगळे दिवे बंद. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. खिडकी तिच्या बाजूला, किंचित समोरच्या अंगाला असू द्या. तिच्या डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसला की जागा बरोबर जमली समजा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा किंवा पुठ्ठ्याचा पांढरा तक्ता उभा करा, म्हणजे तो गाल काळा पडणार नाही. मदतनीसाने त्या तक्त्याच्या बाजूला बसायचं, खिडकीच्या बाजूला नाही, नाहीतर त्याची सावली बाळावर पडेल.

टबाचा रंग खूप फरक करतो. निळ्या टबात हनुवटीखाली निळी छटा येते, गुलाबी टबात बाळाला ताप आल्यासारखं वाटतं. फळंही हेच करतात: छातीला टेकलेलं संत्रं गळ्यावर केशरी उजेड फेकतं. थोडा असला तर तो गोड दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ती सेटिंग, ‘ऑटो’वर ठेवू नका, फ्रेममध्ये केशरी रंग कमी-जास्त झाला की ऑटो प्रत्येक फोटोत वेगळा निर्णय घेतं. टबाच्या जागी कोरा पांढरा कागद धरा, त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, आणि मग तो बदलू नका.

पाण्यावरचे पांढरे चट्टे म्हणजे दिव्याचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब. पाणी सपाट आरसा आहे. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात तर तो उजेड पाण्यावरून सरळ लेन्समध्ये येतो. बाजूला सरका आणि डोळ्यांनी बघत राहा. एका ठिकाणी चकाकी जाते आणि तळ दिसायला लागतो. पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची चकाकी अडवणारी काच, असेल तर तो फिरवून उरलेली चकाकी कमी करता येते. पाण्याच्या सपाटीपासून साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघत असाल तेव्हा तो सगळ्यात चांगलं काम करतो, आणि बरोबर वरून काढलेल्या फोटोत त्याचा काही उपयोग होत नाही. तो उजेडही निम्म्यावर किंवा पाव हिश्श्यावर आणतो, म्हणून घरात मी तो फारसा लावत नाही. जागा बदलणं फुकट आहे.

सेटिंगबद्दल. शटर १/५०० सेकंदाच्या खाली नको. पाणी उडवताना तिचा हात फार वेगात जातो. पाण्याचे थेंब गोठवायचे असतील तर १/१०००. जुन्या डीएसएलआरचा सेन्सर बहुधा छोटा, म्हणजे एपीएस-सी असेल. त्यावर ५० मिलिमीटरने दीड मीटरवरून एफ १.८ (आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) ठेवलात तर जेमतेम ६ सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. डोळे स्पष्ट आले तर हातातलं संत्रं धूसर, संत्रं आलं तर डोळे गेले. एफ ४ वर हीच खोली १३-१४ सेंटीमीटर होते, डोळे आणि पुढे धरलेलं फळ दोन्ही त्यात बसतात. म्हणून एफ ४. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० लागला तर लागू दे. दाणेदार फोटो सुंदर असू शकतो, हललेले डोळे दुरुस्त होत नाहीत. फोकस जवळच्या डोळ्यावर. फ्लॅश बंद.

फोनने काढत असाल तर जवळ जाऊ नका. रुंद लेन्सने हातभरावरून काढलं की कपाळ आणि नाक फुगतं. २ पट झूम ठेवा आणि मागे सरका. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर पांढरा टब जळून जातो. पोर्ट्रेट मोड बंद: ओले केस आणि उडालेले थेंब तो विचित्र कापतो. बर्स्ट, म्हणजे एका दाबात लागोपाठ फोटो, चालू. आणि गार खोलीतून दमट खोलीत आणलेल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा असो वा फोन, वीस मिनिटं आधीच त्या खोलीत आणून ठेवा.

ही सगळी जुळवाजुळव मुलगी झोपलेली असताना करायची. टबात गुंडाळलेला टॉवेल उभा करा किंवा एखादी बाहुली बसवा, एक संत्रं सोडा, आणि फोटो काढून बघा. रंग, चकाकी, सावली, सगळं त्या टॉवेलवर सोडवून घ्या. ती उठली, पोटाला लागलं आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास गेला, की तिची सगळ्यात चांगली वेळ. मग पाण्यात जास्तीत जास्त आठ ते दहा मिनिटं.

त्या मिनिटांत मी आधी तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढते. जमिनीवर पालथं झोपावं लागलं तरी चालेल. नवलाचा भाव पहिल्या दोन-तीन मिनिटांतच असतो आणि तो समोरूनच दिसतो. पाण्याखालची बोटं, सालीवरचा इवलासा तळवा, हे नंतर कधीही मिळतं, तेव्हा ती फळाशी रमलेली असते आणि तुमच्याकडे बघतही नाही. वरून काढायचा फोटो सर्वांत शेवटी आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असेल तरच. बाळाच्या डोक्यावर फोन धरू नका. ओल्या हातातून तो सुटतो. स्टुलावर चढू नका. उभं राहून ५० मिलिमीटरमधून साधारण ६० बाय ४० सेंटीमीटर एवढंच दिसेल, टबाच्या कडा बाहेर जातील. ते चांगलंच आहे, फक्त पाणी, ती आणि चार फळं उरतात.

तिने मान फिरवली, डोळे चोळले, अंगावर काटा आला किंवा ओठांचा रंग बदलला की संपलं. वेळ उरली असली तरी. बाहेर काढून साध्या कोमट पाण्याने गळ्याच्या वळ्या, कानांमागे, मांड्यांच्या खाचा धुवा, टिपून कोरडं करा, नेहमीचं क्रीम लावा. दिवसभर अंगावर लक्ष ठेवा. थोडी लाली उतरते. गांधी, चेहऱ्यावर सूज, धाप किंवा उलट्या दिसल्या तर तडक डॉक्टर. टबातली फळं कुणी खायची नाहीत.

फोटोंचे रंग नंतर ॲपमध्ये सुधारताना एक अडचण येईल. संत्र्याचा रंग वाढवायला केशरी सरकपट्टी ओढलीत की मुलगीही केशरी होईल, कारण कातडीचा रंग त्याच पट्टीत येतो. फळांवर वेगळं निवडून काम करा, नाहीतर रंग आहे तसा ठेवा.

फोटो कुणाला पाठवायचे तेही आधीच ठरवा, तिच्या बाबांशी बोलून. मी पालकांना दोन फोल्डर देते. एकात खांद्यांवरचे, चेहरा आणि फळ एवढेच दिसणारे, ते नातेवाइकांना जाऊ शकतात. दुसरं फक्त घरात. पाठवण्याआधी फोटोतली ठिकाणाची माहिती काढून टाका आणि फोन आपोआप कुठे प्रत ठेवतो ते बघा. हे फोटो तिचे आहेत, आणि ती अजून हो-नाही म्हणू शकत नाही.

नवव्या महिन्याच्या आसपास तिला चिमटीने उचलता यायला लागेल. आज ती पूर्ण तळव्याने पकडते, म्हणून मोठं गोल फळ तिला पुरतं. चिमूट आली की सालीचा कपटा, बी, टॉवेलचा धागा, सगळं तिच्या नजरेत येईल आणि मदतनीसाचं काम दुप्पट होईल. म्हणजे दीड-दोन महिने तुमच्या हातात आहेत. या आठवड्यात लस असेल किंवा नाक वाहत असेल तर पुढच्या आठवड्यात करा. तोवर रोजच्या आंघोळीत एक संत्रं सोडून बघा, कॅमेऱ्याशिवाय. ती त्याच्या मागे हात घालायला लागली की तुम्हाला कळेलच.